नखाएवढा टवका : वल्हेफळीच्या कवचाची निगा व दुरुस्ती

पृष्ठभागाचे महत्त्व

दिल्लीत मेहरौली येथे, कुतुबमिनाराच्या आवारात उभा असलेला लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे ऊन, पाऊस आणि धुके सोशीत आला आहे. त्याची उंची ७ मीटरांहून थोडी अधिक व वजन ६ टनांहून जास्त आहे. परंतु या प्रचंड वस्तूचे गंजण्यापासून रक्षण करणारा थर मात्र अत्यंत पातळ आहे. स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसाचे प्रमाण नेहमीच्या लोखंडापेक्षा अधिक असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर एक घट्ट आवरण तयार झाले असून, ते हवा व ओलावा यांना सहजासहजी आत शिरू देत नाही.

वस्तू टिकते की नाही हे तिच्या गाभ्याइतकेच तिच्या पृष्ठभागावरही अवलंबून असते. लोहस्तंभाचे आवरण त्याच्या स्वतःच्या द्रव्यातून निपजले आहे. मनुष्याने बनविलेल्या बहुतेक वस्तूंना मात्र हे भाग्य लाभत नाही. त्यांचे आवरण मनुष्यानेच चढवावे लागते आणि फुटल्यास मनुष्यानेच सांधावे लागते. अशा वस्तूंपैकी एक आधुनिक वस्तू या पुस्तिकेचा विषय आहे. ती म्हणजे पाण्यावर उभे राहून एका लांब वल्ह्याने चालवावयाची फळी, अर्थात पॅडलबोर्ड. सोयीसाठी येथे तिला वल्हेफळी असे म्हटले आहे.

दिल्ली व तिच्या आसपासच्या शहरांतील हौशी लोक अलीकडे अशा फळ्या बाळगू लागले आहेत. मोटारीच्या टपावर बांधून त्या ऋषिकेशजवळ गंगेवर किंवा टिहरीच्या जलाशयावर नेल्या जातात. गंगेतील गोटे, टपावरील लोखंडी दांडे, जिन्याचे कोपरे आणि गच्चीवरील कठडे यांचा मार या फळ्यांना बसतो. कोठे रंगाचा टवका उडतो, कोठे पोचा पडतो, कोठे केसाएवढी चीर जाते. इजा लहान दिसते, म्हणून मालक वरून रंगाचा एक हात फिरवितो आणि दुरुस्ती झाली असे समजतो. ही समजूत चुकीची का आहे आणि खरी दुरुस्ती कशी करावी, हे फळीची घडण पाहिली म्हणजे स्पष्ट होते.

फळीची घडण

लाकडाचे ओंडके एकत्र बांधून त्यांवर वल्हे मारण्याची कला मनुष्याला फार प्राचीन काळापासून अवगत आहे. जगभर रूढ झालेला ‘काटामरान’ हा शब्द मूळचा तमिळ असून त्याचा अर्थ ‘बांधलेली लाकडे’ असाच आहे. हवाई बेटांवरील रहिवासी लाटांवर स्वार होण्यासाठी लाकडी फळ्या वापरीत. या सर्व साधनांत तरंगण्याचे आणि मार सोसण्याचे अशी दोन्ही कामे एकटे लाकूडच करीत असे.

विसाव्या शतकाच्या मध्यास ही दोन कामे दोन निरनिराळ्या पदार्थांकडे सोपविण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास काचेचे बारीक तंतू आणि कृत्रिम राळ यांच्या संयोगातून हलके व बळकट कवच बनविण्याची रीत पुढे आली. १९५०-६० या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात फळीचा गाभा प्लास्टिकच्या फेसापासून बनू लागला आणि लाकूड जवळजवळ मागे पडले.

आजची टणक वल्हेफळी आडवी कापून पाहिली तर तीन थर दिसतात. सर्वांत आत पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या फुगविलेल्या मण्यांचा गाभा असतो. आपल्याकडे ज्याला थर्मोकोल म्हणतात तोच हा पदार्थ होय. केवळ तो अधिक दाट व काळजीपूर्वक बनविलेला असतो. त्याच्या बाहेर एपॉक्सी राळेत भिजवून कठीण केलेले काचतंतूंचे कापड असते. सर्वांत बाहेर रंग आणि त्यावर बहुधा एक पारदर्शक लेप असतो. गाभा फळीला तरंगवितो, काचतंतूंचे कवच तिला बळ देते आणि रंग कवचाचे रक्षण करतो.

या शेवटच्या गोष्टीकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. एपॉक्सी राळ पाण्याला चांगली दाद देत नाही, परंतु सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांपुढे तिचा निभाव लागत नाही. ती प्रथम पिवळी पडते, मग तिची चकाकी जाते आणि अखेरीस पृष्ठभाग खडूसारखा भुकटीदार होतो. रंग हे किरण अडवितो. म्हणून फळीवरील रंग हा केवळ शोभेचा नसून ती तिची छत्री आहे.

हवा भरून फुगवावयाच्या फळ्यांची घडण अगदी वेगळी असते. त्यांना रबरी नळीप्रमाणे ठिगळ लावावे लागते. पुढील विवेचन त्यांना लागू नाही.

नखाएवढ्या भोकातून काय होते

सुमारे ३ मीटर लांबीच्या एका फळीचे घनफळ १८० लिटर आणि वजन ११ किलोग्रॅम आहे असे समजा. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ती पूर्ण बुडाली तर १८० लिटर, म्हणजे १८० किलोग्रॅम पाणी बाजूस सारील. स्वतःचे ११ किलोग्रॅम वजा जाता तिच्यापाशी १६९ किलोग्रॅम भार पेलण्याचे सामर्थ्य उरते. ७५ किलोग्रॅम वजनाचा मनुष्य तिच्यावर निर्धास्त उभा राहू शकतो.

आता कवचाला लहानशी चीर गेली आहे असे माना. थर्मोकोलचा प्रत्येक मणी बंद असतो, परंतु मण्यामण्यांमध्ये सूक्ष्म फटी असतात. त्या फटींतून पाणी मण्यांच्या कडेकडेने पसरत जाते. ५ लिटर पाणी शिरले तर ११ किलोग्रॅमची फळी १६ किलोग्रॅमची होते. ती तरीही तरंगते, आणि येथेच फसगत होते. कारण आतले पाणी एका बाजूस साचते, फळी कलू लागते आणि वळताना अकस्मात दगा देते. काठापासून दूर असलेल्या मनुष्याच्या दृष्टीने ही साधी गैरसोय नव्हे. शिवाय ओल्या गाभ्यापासून कवच हळूहळू सुटू लागते. एकदा ते सुटले की फळीचे बळ गेलेच म्हणावयाचे, कारण गाभा व कवच एकमेकांना चिकटलेले असतात तोवरच त्यांचे मिळून एक शरीर असते.

उष्णतेनेही हेच काम होते. दिल्लीच्या उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलेली गडद रंगाची फळी ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापणे अशक्य नाही. बंद जागेतील हवा २० अंशांवरून ६० अंशांवर गेली तर तिचा दाब सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु तळहाताएवढ्या, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर भागावर त्याचा जोर जवळजवळ १४ किलोग्रॅम वजनाइतका होतो, आणि तो कवचाला आतून बाहेर ढकलीत असतो. म्हणूनच अनेक फळ्यांना हवा बाहेर सोडणारा एक छोटा स्क्रू बसविलेला असतो. फळी सावलीत ठेवणे हीच तिची सर्वांत स्वस्त दुरुस्ती होय.

इजेची पारख

दुरुस्तीपूर्वी फळी गोड्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवावी आणि साबण पूर्ण निघून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळावी. यमुनेच्या पाण्यात नेलेल्या फळीच्या बाबतीत हे अधिकच आवश्यक आहे. ओखला बंधाऱ्याच्या खाली, कालिंदी कुंजजवळ, पावसाळ्यानंतर नदीवर पांढऱ्या फेसाचे थर दिसतात. शहराच्या सांडपाण्यातून येणाऱ्या प्रक्षालकांचा, म्हणजे कपडे धुण्याच्या भुकटीसारख्या द्रव्यांचा, त्यांत मोठा वाटा असतो. अशा द्रव्यांची किंवा तेलकट घाणीची पातळशी पुटेही पृष्ठभागावर राहिली तर नवी राळ मूळ कवचाला धरीत नाही.

धुतल्यानंतर इजा किती खोल आहे हे ठरवावे. त्यासाठी डोळा, अंगठा आणि कान ही तीन साधने पुरेशी आहेत.

प्रथम डोळा. रंगाच्या टवक्याखाली काच-राळेचे कवच सलग व अर्धपारदर्शक दिसत असेल तर इजा वरवरची आहे. तेथे पांढरट डाग किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसत असतील तर कवच मोडले आहे. याचे कारण प्रकाशशास्त्रात सापडते. काचतंतू आणि राळ यांचे अपवर्तनांक जवळजवळ सारखे असल्यामुळे राळेत भिजलेले कापड पारदर्शक दिसते. तंतू तुटून त्यांच्यामध्ये हवा शिरली की प्रकाश विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. कागदावर तेलाचा थेंब पडला असता कागद पारदर्शक होतो, त्याच्या नेमकी उलट ही क्रिया आहे.

मग अंगठा. दाबल्यावर जागा लवत असेल तर कवच गाभ्यापासून सुटले आहे.

शेवटी कान. नाण्याने हलकेच टिचक्या मारीत गेल्यास सुस्थितीतील कवच स्वच्छ, टणक आवाज देते आणि सुटलेले कवच बद्द आवाज देते. विमानांच्या भागांची तपासणी करण्यासाठीही हीच पद्धत वापरली जाते. बद्द आवाजाचा भाग हाताच्या पंजाहून मोठा असेल तर ते काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

सुकवण : दुरुस्तीचा पहिला आणि सर्वांत दीर्घ भाग

भोकावर रंग किंवा राळ लावली म्हणजे पाणी आत यावयाचे थांबते हे खरे. परंतु आत असलेले पाणीही तेथेच कोंडले जाते. उन्हात त्याची वाफ होऊ लागली की ती नव्या थराला आतून लोटते आणि त्याचे फोड येतात. वरून गुळगुळीत व चकचकीत, आतून ओली, अशी फळी उघड्या भोकाच्या फळीपेक्षा अधिक धोक्याची असते. कारण उघडे भोक निदान दिसते तरी.

यास्तव फळी भोक खाली येईल अशा बेताने, वारा लागेल अशा सावलीच्या जागी आडवी ठेवावी. ती सुकली की नाही हे अंदाजाने ठरवू नये. घरातील वजनकाट्यावर ती दर दोन-तीन दिवसांनी तोलावी आणि वजन लिहून ठेवावे. पाणी बाहेर पडत आहे तोवर आकडा घटत राहतो. लागोपाठ तीन वेळा तो स्थिर आला म्हणजे बाहेर पडण्याजोगे पाणी निघून गेले असे मानावयास हरकत नाही. यास कधी तीन दिवस लागतात, तर कधी तीन आठवडे. एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीच्या दुपारची हवा अतिशय कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये तेच काम रेंगाळते.

कोणती राळ वापरावी

दिल्लीत मोटारींचे ‘डेंटिंग-पेंटिंग’ करणाऱ्यांची दुकाने गल्लोगल्ली आहेत. पत्र्याचा पोचा भरून काढण्यासाठी तेथे जे लुकण, म्हणजे पुट्टी, वापरतात ते बहुधा पॉलिएस्टर राळेचे असते. पत्र्यासाठी ते उत्तमच आहे. थर्मोकोलच्या गाभ्याच्या फळीला मात्र ते मारक ठरते. पॉलिएस्टर राळेत स्टायरीन नावाचे द्रव मिसळलेले असते, आणि पॉलिस्टायरीन हे याच स्टायरीनच्या रेणूंची साखळी असल्यामुळे त्यात सहज विरघळते. भोक बुजविण्यासाठी घातलेले लुकण अशा रीतीने आत मोठी पोकळी निर्माण करते.

शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली याचा पडताळा पाहता येईल. काचेच्या बशीत थर्मोकोलचा तुकडा ठेवून त्यावर ॲसिटोनचे काही थेंब सोडावेत. तुकडा पाहता पाहता खचतो आणि मागे चिकट लगदा उरतो. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही असल्याने जवळपास ज्योत असता कामा नये. थिनर आणि पेट्रोल यांपासूनही गाभ्याला असाच अपाय संभवतो. म्हणून गाभा उघडा पडला असेल तर तेथे यांपैकी काहीही वापरू नये. पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे.

एपॉक्सी राळ गाभ्याला विरघळवीत नाही. १९३० नंतरच्या दोन दशकांत स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी या राळांचा पाया घातला. घरोघरी ओळखीचे असलेले दोन नळ्यांचे अराल्डाइट आणि गळत्या नळांवर थापले जाणारे एम-सील हे याच कुळातील पदार्थ होत. दिल्लीत खारी बावलीजवळचा तिलक बाजार ही रसायनांची जुनी बाजारपेठ आहे. डब्यावरील नाव वाचून, ‘एपॉक्सी’ असल्याची खात्री करूनच माल घ्यावा.

दोन द्रवांचा एक घन

एपॉक्सी दोन भागांत मिळते : एक राळ आणि दुसरा तिला कठीण करणारा दृढीकारक, ज्याला बाजारात हार्डनर म्हणतात. राळेच्या रेणूला जणू दोन हात असतात, तर नेहमीच्या दृढीकारकाच्या रेणूला चार किंवा अधिक. दोन हातांच्या रेणूंची नुसती माळ झाली असती. चार हातांचे रेणू मध्ये आल्यामुळे त्यांचे सर्व दिशांना पसरलेले जाळे विणले जाते. हे जाळे म्हणजेच कठीण एपॉक्सी. ती वाळत नसून विणली जाते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील नियम आपोआप समजतात.

पहिला नियम प्रमाणाचा. रंग लवकर सुकावा म्हणून थिनर जास्त घालण्याची सवय असलेले लोक येथेही दृढीकारक जास्त घालतात. परंतु जास्तीच्या रेणूंना हात धरावयास जोडीदार मिळत नाही. ते जाळ्यात मोकळे राहतात आणि थर कायमचा चिकट व मऊ राहतो. म्हणून डब्यावर दिलेले प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हे पाहून ते काटेकोर पाळावे आणि भांड्याच्या कडा व तळ खरवडीत निदान दोन मिनिटे ढवळावे.

दुसरा नियम उष्णतेचा. विणले जाताना राळ उष्णता बाहेर टाकते. वाटीत एके ठिकाणी साठलेल्या राळेतून ही उष्णता निसटू शकत नाही. त्यामुळे क्रिया आणखी वेगाने होते आणि वाटी कधी हात भाजण्याइतकी तापते. तीच राळ पातळ पसरली तर ती शांतपणे घट्ट होते. एका वेळी थोडीच राळ कालवावी.

दिल्लीचे ऋतू आणि राळ

दिल्लीचे हवामान टोकाचे आहे. सफदरजंग वेधशाळेत मे १९४४ मध्ये ४७.२ अंश सेल्सिअस, तर जानेवारी १९३५ मध्ये उणे ०.६ अंश तापमान नोंदले गेले आहे. स्थूलमानाने पाहता तापमान १० अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियेचा वेग दुप्पट होतो. २५ अंशांवर ३० मिनिटे काम करू देणारी राळ या हिशेबाने ४५ अंशांवर सात-आठ मिनिटांतच घट्ट होऊ लागेल, तर ५ अंशांवर तिला दोन तास लागतील आणि तेथे ती पुरेशी कठीण न होण्याचीही भीती असते.

हिवाळ्यात आणखी एक अडचण उद्भवते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पडणारे दाट धुके हे हवा बाष्पाने संपृक्त झाल्याचे चिन्ह होय. अशा हवेत दृढीकारकातील अमाइन द्रव्ये बाष्प आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांच्याशी संयोग पावतात आणि राळेच्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो. त्यावर लावलेला रंग पुढे पापुद्र्यांनी निघतो. हा थर पाण्यात विरघळणारा असल्याने तो आधी कोमट पाण्याने व फडक्याने धुऊन काढावा आणि मगच घासावे. न धुता घासल्यास तो सर्वत्र पसरतो.

दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी तापमान चढत असताना गाभ्यातील हवा प्रसरण पावून बाहेर पडू लागते आणि ओल्या राळेत बुडबुडे करते. दुपारनंतर तापमान उतरणीस लागले की हवा आकुंचन पावते आणि राळ फटींत ओढली जाते. म्हणून काम दुपारी तीन-चारच्या सुमारास, सावलीत सुरू करावे आणि दव पडण्यापूर्वी फळी घरात घ्यावी. एकंदरीत ऑक्टोबर आणि फेब्रुवारी-मार्च हे दिल्लीत या कामासाठी सर्वांत अनुकूल महिने ठरतात. कोकणातील कोळीही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांची डागडुजी व रंगकाम उरकतात. ऋतू पाहून दुरुस्ती करण्याचा त्यांचा शिरस्ता रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

प्रत्यक्ष काम

कामाला आरंभ करण्यापूर्वी हातमोजे चढवावेत आणि घासताना नाकावर चांगला मुखवटा बांधावा. काचतंतूंची धूळ त्वचेला व श्वासनलिकेला त्रासदायक असते. कच्च्या राळेचा स्पर्श वारंवार झाल्यास काहींच्या त्वचेला कायमची ॲलर्जी जडते.

इजा केवळ रंगाच्या टवक्याची असेल तर सुटा रंग काढून टाकावा आणि ८० किंवा १२० क्रमांकाच्या काचकागदाने जागा व तिच्या सभोवारचा एक-दोन सेंटिमीटर पट्टा घासावा. घासण्याचे हेतू दोन : पृष्ठभाग खरखरीत झाल्याने नव्या थराला धरावयास अधिक जागा मिळते, आणि टवक्याची उभी कड मोडून तिचा सौम्य उतार होतो. उभी कड तशीच राहिली तर तेथे नवा रंग पातळ बसतो व प्रथम तेथूनच फुटतो. मग अल्कोहोलने पुसून राळेचा एक पातळ हात द्यावा.

पोचा पडला असेल, परंतु गाभा उघडा पडला नसेल, तर राळेत काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांची पूड मिसळून मधाहून दाट लुकण करावे आणि ते पोच्यात किंचित उंच भरावे. ही पूड लुकणाला हलके ठेवते आणि ते घासावयास सोपे करते.

कवच मोडले असेल तर तुटलेले तंतू कापून काढावेत, खळगा वरीलप्रमाणे भरावा आणि तो घट्ट झाल्यावर समपातळीत घासावा. नुसते लुकण पोकळी भरते. ताण सोसण्याचे काम तंतूंचे असते. म्हणून त्यावर काचतंतूंच्या कापडाची दोन ठिगळे लावावीत. आतले खळग्याहून थोडे मोठे असावे आणि बाहेरचे आतल्याच्या सर्व बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर पुढे यावे. ठिगळे गोल कापावीत, कारण कोपऱ्यांशी ताण एकवटतो आणि कोपराच आधी उचलला जातो. कापडात राळ मुरू लागली की ते पांढऱ्याचे पारदर्शक होते. पांढरा ठिपका उरला असेल तेथे हवा उरली आहे असे समजून तो दाबून काढावा.

ओल्या राळेवर जाड पॉलिथिनचा कागद ताणून बसविणे फार उपयोगी पडते. एपॉक्सी पॉलिथिनला चिकटत नाही. त्यामुळे तो नंतर सहज निघतो आणि खाली गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. उन्हाळ्यातील आंधीची धूळही त्यामुळे राळेवर बसत नाही. उरलेली राळ मोरीत ओतू नये. ती सपाट तुकड्यावर पसरून घट्ट होऊ द्यावी आणि मगच कचऱ्यात टाकावी. दिल्लीतील मोऱ्यांची वाट अखेर यमुनेलाच मिळते.

रंग शेवटी

राळ हाताला घट्ट लागली म्हणजे तिचे जाळे पूर्ण विणले गेले असे नव्हे. डब्यावर दिलेला पूर्ण अवधी जाऊ द्यावा. साधारण हवेत तो बहुधा काही दिवसांचा असतो. त्यानंतर पृष्ठभाग पाण्याने धुऊन २२० व मग ४०० क्रमांकाच्या काचकागदाने, शेवटी पाणी लावून, घासावा. बोटांच्या टोकांना सांधा जाणवेनासा झाला म्हणजे घासणे पुरे.

रंग एकाच जाड थरात देण्यापेक्षा तीन पातळ थरांत द्यावा. जाड थराचा वरचा भाग आधी आवळतो आणि आतला ओला राहतो, त्यामुळे तो सुरकुततो. मूळ रंगाशी जुळणी दिव्याखाली न करता दिवसाच्या उजेडात, सावलीत करावी. शेवटी जंबुपार किरणांना प्रतिबंध करणारा पारदर्शक लेप चढवावा.

प्रवासात इजा झाली आणि दुरुस्तीची सोय नसली, तर फळी ताबडतोब पाण्याबाहेर काढावी, जागा पुसून कोरडी करावी आणि तिच्यावर जलरोधक चिकटपट्टी लावावी. हा उपाय घरी परत येईपर्यंतचाच आहे.

समारोप

धुणे, पारखणे, सुकविणे, घासणे, भरणे आणि रंगविणे अशी सहा पावले या कामात आहेत. त्यांपैकी डोळ्यांना दिसते ते केवळ शेवटचे. पहिल्या पाचांपैकी एकही वगळले तरी फळी काही आठवडे सुंदरच दिसते, आणि मग एके दिवशी भर पाण्यात तिचे खरे रूप प्रकट होते. सायकलीच्या चौकटीवरील गंज, भिंतीवरील ओल, पाण्याच्या टाकीची चीर या सर्वांना हाच न्याय लागू पडतो. झाकणे आणि दुरुस्त करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला रंगाचा एक हात पुरतो. दुसरीला वजनकाटा, घड्याळ आणि धीर लागतो.